सूर्य नको, ओंजळ नको

रंगराव ढमढेरे हयात असताना त्यांच्या घरी पहिला हार आला तो भल्या सकाळी, दूधवाल्याच्या पाठोपाठ. आणला होता शेजारच्या इमारतीतल्या पोपटराव शितोळ्यांनी. दार उघडलं खुद्द रंगरावांनीच; अंगात बनियन, तोंडात ब्रश. पोपटरावांनी एकदा रंगरावांकडे पाहिलं, एकदा हातातल्या हाराकडे, आणि चेहऱ्यावर जमवून आणलेलं दुःख कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"अरे, आहात होय," ते म्हणाले. स्वरात किंचित तक्रार होती. "मग चौकात कशाला लागलात?"

चौकात रंगराव लागले होते ते स्वतःच्याच हौसेनं. कोथरूडातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे ते चिटणीस. मंडळानं अवयवदानाचा पंधरवडा साजरा करायचं ठरवलं आणि संकल्प केलेल्या सभासदांचे फोटो एका मोठ्या फ्लेक्सवर छापून चौकात लावायची कल्पना रंगरावांनी काढली. शांत वाटावी म्हणून राखाडी-निळी पार्श्वभूमी निवडली त्यांनी. दोन्ही कोपऱ्यांत तेवत्या समया, ही सूचनाही त्यांचीच. मथळा आधी 'आम्ही ठरवलं, तुम्ही?' असा होता. तो अध्यक्ष आप्पासाहेबांना उर्मट वाटला, म्हणून त्याचं 'समाजाला सर्वस्व अर्पण करणारे आपले ज्येष्ठ' असं झालं. खाली ओळीनं पासपोर्ट फोटो. पासपोर्ट फोटोत माणूस मुळातच गेल्यासारखा दिसतो. नावाआधी 'कै.' तेवढं लिहायचं राहिलं होतं.

आता पुण्यात फ्लेक्स कोणी वाचत नाही. रंग बघतात. लाल-पिवळा असला की कुणातरी भाऊंचा वाढदिवस, राखाडी असला की कुणीतरी गेलं. दुचाकीवरून, बसच्या खिडकीतून, सिग्नलला थांबल्या थांबल्या सगळ्या कोथरूडानं तो फ्लेक्स बघितला आणि एकदम इतके ज्येष्ठ गेले म्हणून हळहळलं. एका सभासदाची लेक नाशिकहून रडत फोन करून विचारू लागली, मला का नाही कळवलं, आणि फोन घेतला होता तिच्या वडिलांनीच. दोघांनी संकल्प मागे घेतला. "एकदा मेलो तेवढं बास," असं त्यांनी मंडळाला कळवलं.

पण खरा अपघात रंगरावांच्या घरात झाला. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि हार कशाचा म्हणून विचारत होत्या. पोपटरावांनी माणुसकीनं सगळं सविस्तर सांगितलं. डोळे, हृदय, यकृत, किडन्या. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की बाईंचा चेहरा बदलत चाललाय.

"म्हणजे वहिनी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

सुशीलाबाईंनी त्यांच्या हातातून हार घेतला, देवघराच्या कडेला ठेवला आणि पोपटराव जिना उतरेपर्यंत थांबल्या.

"चौकाला सांगितलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या आधी चौकाला."

"अगं, नुसता संकल्प आहे तो. मनातली एक गोष्ट."

"मनातली गोष्ट चौकात टांगतात होय? शेजारी किसणी द्यायची तर मला विचारता. हृदय द्यायला निघालात ते परस्पर?"

त्यानंतर त्या बोलायच्या थांबल्या. रंगरावांनी उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढली होती, दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात. घरातली लाईन अशी बंद पडली की काय करायचं, हे त्या खात्यानं कधी शिकवलं नव्हतं. चहा आदळला जाई, त्यावरून चहा झाला हे समजायचं. जेवायला बोलावणं नाही. ताटाचा आवाज झाला की जाऊन बसायचं.

फ्लेक्स उतरवायचा म्हणून रंगराव निघाले ते मैनाकडे.

मैना दांगट हिचं दुकान एका सोसायटीच्या जिन्याखाली. नाव 'साई फ्लेक्स'. छपाईचं यंत्र तिकडे नऱ्ह्याला, दुसऱ्याचं. इथे नुसतं डिझाइन. एक कॉम्प्युटर, एक पंखा, दोन स्टुलं आणि मैना. सलवार-कुडत्यावरून नवऱ्याचा चौकडीचा शर्ट चढवलेला, बाह्या कोपरापर्यंत मुडपलेल्या. गिऱ्हाईक आलं तरी मान वर नाही. आवाजावरून ओळखायचं, आणि आवाज आवडला नाही तर "मशीन बंद हाय" म्हणायचं. यंत्र मुळात तिथे नाहीच, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येईपर्यंत ते पार बसस्टॉपवर पोचलेलं असे.

"मैना, जरा घोळ झालाय," रंगराव म्हणाले.

"झाला न्हाई काका. केलाय."

"तू म्हणाली होतीस, मान्य आहे."

"मी म्हणलं, समया काढा, फोटो काढा, हे कसं दिसतंय ते दिसतंय. तुम्ही काय म्हणालात? मैना, तुला दृष्टी नाही."

"कलादृष्टी म्हणालो होतो."

"हां. मंग ती आधी दान करून टाका कुणाला तरी. तुमच्याकडं पडून हाय नुसती."

रंगराव स्टुलावर बसले. दुसरीकडे कुठे असा शब्द ऐकला असता तर ते उठून गेले असते. पण मैनाचं बोलणं लागत नसे, म्हणजे लागत असे, पण घरी गेल्यावर. या फ्लेक्सच्या वेळी तिनं पैसे घेतले नव्हते. फक्त एक अट घातली होती, की खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव टाकायचं नाही. तेव्हा रंगरावांना तो विनय वाटला होता. आता त्याचा अर्थ कळला.

मैना मूळची शिवण्याची. बापाची कालव्याकाठची भाजीची जमीन बिल्डरला गेली, भावांच्या मोठ्या गाड्या आल्या, आणि मैना दिली गेली लोणी काळभोरच्या साईनाथला, ज्याच्याकडे एक ब्रश आणि एक सायकल होती. ट्रॉल्यांच्या मागे नावं रंगवायचा तो. अक्षर असं, की ट्रॉली उसाऐवजी पुस्तकं वाहत असेल असं वाटावं. फ्लेक्स आले तसा ब्रश गेला. साईनाथ कॉम्प्युटर शिकला आणि शेजारी बसून मैनाही शिकली. पुढे वाटणीच झाली. अक्षरं त्याची, चेहरे हिचे.

चेहऱ्यांचं काम सोपं नाही. ज्या भाऊंचा वाढदिवस असतो त्यांना स्वतःचा चेहरा पसंत नसतो. त्यांना गोरं करायचं, गॉगल चढवायचा, गळ्यातली एक हनुवटी कमी करायची. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं दिसलं यावरून दुकानात हाणामाऱ्या व्हायच्या राहिल्यात. श्रद्धांजलीचं काम त्याहून अवघड. सासऱ्याचा एकच फोटो असतो आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले असतात. "ताई, तेवढे डोळे उघडून द्या," असं लोक सांगतात. मैना उघडून देते, दुसऱ्या कुणाचे तरी बसवून. आणि वर ऐकवते, "जिवंतपणी एक फोटो नीट काढता आला न्हाई व्हय?"

पण पूर्वी ती हे हसत ऐकवायची. बाहेरच्या गिऱ्हाइकाला आतून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि आपल्यालाच हसतायत की काय म्हणून ते सदरा नीट करायचं. साईनाथ बायपासवर गाडीवरून पडून गेला आणि ते हसणं गेलं. राहिला तो शर्ट आणि राग. भावांच्या गाड्यांचा राग, भाऊंच्या गॉगलचा राग, पंख्याचा राग. गल्लीतले लोक म्हणत, नवऱ्याच्या स्टुलावर आता तिनं राग बसवलाय. रंगरावांनाही एवढंच ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होती. अवयवदानाचं पोस्टर मैना कोणालाही फुकट करून देते, पण तिच्या अटींवर. सूर्य नको. ओंजळ नको. कमळ नको. 'अमर' हा शब्द नको. कोणाचा फोटो नको. अटी ऐकून लोक विचारत, मग उरलं काय? उरलेलं ती दाखवायची आणि लोक दुसरीकडे जायचे. न नेलेल्या पोस्टरांची चवड दाराच्या मागे उभी होती. रंगरावांच्या फ्लेक्सच्या वेळी मैना पहिल्यांदा वाकली, तीही त्यांनी रोज येऊन डोकं खाल्लं म्हणून. त्या वाकण्याचा राग तिला अजून होता.

"बरं, मी चुकलो," रंगराव म्हणाले. "आता तूच दे. तुझ्या मनासारखं. मंडळाच्या भिंतीवर लावतो."

मैनानं पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्याकडे जरा वेळ संशयानं बघितलं, मग दारामागून एक पोस्टर ओढून काढलं आणि पुढ्यात धरलं.

हॉस्पिटलात असतं तसं एक बाकडं, स्टीलच्या खुर्च्या जोडलेलं. त्यावर जेवणाच्या डब्याची पिशवी. खाली बाईच्या चपला, एक सरळ आणि एक उलटी. माणूस कुठेच नाही. आणि खाली साध्या काळ्या अक्षरात एक ओळ: 'इथे बसायच्या आधी घरी बोला.'

रंगरावांना क्षणभर पंख्याचा वारा गार वाटला. त्यांनी पोस्टर गुंडाळलं आणि काही न बोलता घेतलं. हे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ होतं.

मंडळाची सभा उद्यानाच्या छत्रीखाली भरली. आप्पासाहेब निवृत्त प्राचार्य; समोर काहीही धरलं तरी ते उत्तरपत्रिकेसारखं हातभर लांब धरून वाचत. त्यांनी पोस्टर तसं धरलं.

"रंगराव, हे पोस्टर आहे की नोटीस?"

"अध्यक्ष, त्यात एक विचार आहे."

"विचार असेल. शिष्टाचार नाही. 'बोला' म्हणजे काय? आपण कोणाशी बोलायचं हे आता भिंत सांगणार? निदान 'कृपया' तरी घाला."

"चपला कशाला दाखवल्यात?" मागून एकानं विचारलं. "देवळाबाहेर चोरीला गेल्यासारख्या वाटतात."

"आणि हे बाकडं. आपल्याला रोज हॉस्पिटलात जावं लागतं, तेच इथे भिंतीवर कशाला? काहीतरी प्रसन्न हवं. सूर्योदय घ्या. आशेचा किरण."

"ओंजळीत हृदय."

"आणि तळाला मंडळाचं नाव, अध्यक्ष, चिटणीस," आप्पासाहेब म्हणाले, आणि मोठ्या मनानं जोडलं, "फोटो नकोत. या वेळी नुसती नावं."

रंगरावांचा स्वभाव असा, की समोरच्याला नाही म्हणायचं तर त्यांना ताप यायचा. त्यांनी सगळ्या सूचनांना मान डोलावली. किरणाला, ओंजळीला, कृपयाला. मान डोलावताना त्यांना आपण चुकतोय हे चांगलं कळत होतं. पण मान ही अशी गोष्ट आहे, की एकदा सुरू झाली की थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्या सूचना मैनाला सांगितल्या. आधी हवापाण्याचं बोलले, खडकवासल्यात पाणी किती आहे ते बोलले, आणि मग हळूच सूर्यावर आले. मैना ऐकून घेत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. तिला नीट ओळखणाऱ्या माणसाला एवढ्यावरून पळ काढायचं कळलं असतं, पण रंगरावांना वाटलं, पटतंय तिला.

"झालं?" तिनं विचारलं.

"एवढंच. आणि 'अमर' शब्द कुठे बसला तर."

मैना उठली. दारामागच्या चवडीच्या अगदी तळातून तिनं एक जुनं पोस्टर काढलं आणि टेबलावर पसरलं. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्यांना भिंतीचा रंग चिकटलेला. उगवता सूर्य. त्यापुढे दोन हातांची ओंजळ, ओंजळीत लालबुंद हृदय, हृदयाखाली कमळ. 'अवयवदान करा, अमर व्हा.' आणि अगदी तळाला बारीक अक्षरात, साई फ्लेक्स.

"वा," रंगराव मनापासून म्हणाले. "अगं, हेच तर हवंय. किती सुरेख केलंयस."

मैनाचा हात टेबलावरच राहिला.

"सुरेख हाय ना?" ती म्हणाली. "आम्ही दोघांनी केलं हे. इथंच बसून. एका मोठ्या हॉस्पिटलाचं काम होतं. सूर्य मी लावला. अक्षरं साईनाथची. 'अमर' सरळ घ्यायचं का तिरकं, ह्यावरून भांडलो. मंग भेळ आणली. मंग परत भांडलो. दिवसभर अवयवदानाचं पोस्टर करत होतो काका, आणि दोघांतल्या एकानं दुसऱ्याला विचारलं न्हाई, की तुझं काय."

रंगरावांची नजर तळाच्या 'साई फ्लेक्स'वर गेली.

"त्याच हॉस्पिटलात नेला त्याला. आयसीयूच्या बाहेर बाकडं, आणि बाकड्याच्या समोर हे. मी बघत बसलेली. डॉक्टरीण चांगली होती. माझ्यापुढं खाली बसली, फरशीवर. म्हणाली, मेंदू संपलाय, आता ते परत येणार न्हाईत, पण तुमची इच्छा असंल तर त्यांचं हृदय, किडन्या कुणाला तरी उपयोगी पडतील. घाई केली न्हाई तिनं. आत साईनाथची छाती हालत होती. हात गरम. आणि मी वर बघितलं तर समोर ह्यो सूर्य. माझाच. मीच पिवळा केलेला. म्हणतोय, अमर व्हा. माझा नवरा मरतोय आणि माझंच पोस्टर मला सांगतंय अमर व्हा. असा राग आला मला, काका. त्या डॉक्टरणीचा न्हाई. ह्याचा. ह्या कमळाचा."

तिनं कमळावर बोट ठेवलं, अगदी दाबून.

"न्हाई म्हणले मी. ओरडून. दीर म्हणत होता वहिनी जरा दम धरा, विचार करा, तर त्यालाबी हाकललं."

"मैना, अशा वेळी कुणीही," रंगरावांनी सुरुवात केली.

"समजूत घालू नका. समजूत घालायला लई माणसं येऊन गेली. मी न्हाई म्हणले ह्याचं दुखणं न्हाई मला. तो काय म्हणला असता हे मला माहीत न्हाई, हे दुखणं हाय. रक्त द्यायला पळायचा तो, जेवण टाकून. आणि त्याची आजी गेली तेव्हा म्हणला होता, अंगाला हात लावू नका कुणी, तशीच जाऊ द्या. दोन्ही त्याचंच बोलणं. मी कुठलं धरू? एका वाक्याचं काम होतं. चहा पिताना झालं असतं. आम्ही अक्षरं सरळ करत बसलो."

बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं. मैनानं तिकडे बघितलं आणि "मशीन बंद हाय," असं मोठ्यानं सांगून टाकलं.

"तिकडं किडनीसाठी कुणीतरी फोनकडं डोळे लावून बसलं असंल त्या दिवशी," ती जरा हळू म्हणाली. "त्यांच्या घरच्यांनाबी बाकडंच असतं. तेबी असल्याच सूर्याकडं बघत असतील." मग आवाज पुन्हा चढला. "हे पोस्टर मी स्वतः फाडून आणलं भिंतीवरनं. वॉचमन आडवा आला, त्याला म्हणलं, माझं हाय. आणि तुम्ही मला सांगताय, किरण घाल. कुणासाठी घालू? बाकड्यावर जी बसलेली असती तिला किरण नको असतो काका. तिला तिच्या माणसाचा शब्द पायजे असतो. तो घरातनंच न्यावा लागतो. तिथं मिळत न्हाई."

रंगरावांनी जुनं पोस्टर गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि बरोबर आणलेलं बाकड्याचं पोस्टर पुन्हा काखेत मारलं. मंडळाच्या सूचनांचं त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दुकानाच्या पायरीवरून उतरताना त्यांना स्वतःचाच राग आला होता, आणि तो नवा असल्यामुळे कुठे धरावा हे समजत नव्हतं. चौकात आले तर त्यांचा फ्लेक्स अजून तिथेच. समयांच्या मध्ये ते स्वतः, गंभीर, चष्म्यासकट. एक शाळकरी मुलगी सिग्नलला रिक्षात बसून त्यांना नमस्कार करत होती. रंगराव खांबाजवळ गेले आणि भर रहदारीत, खिशातल्या किल्लीनं, दोऱ्या कापायला लागले. ट्रॅफिक हवालदार आला. "आजोबा, कुणाचा फ्लेक्स आहे?" "माझा," रंगराव म्हणाले. हवालदारानं फोटोकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे झाला.

घरी सुशीलाबाई गवार मोडत बसल्या होत्या. रंगरावांनी जेवणाच्या टेबलावर पोस्टर उलगडलं, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि समोर बसले.

"चपला कोणाच्या?" सुशीलाबाईंनी विचारलं. फ्लेक्सनंतरचा हा पहिला सरळ प्रश्न.

"मैनाच्या." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना नेहमीसारखी सजावट केली नाही.

सुशीलाबाईंची गवार थांबली.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर मला विचारायला येणार."

"हो. माझी इच्छा लिहिलेली असली तरी तुला विचारणार. सही तुझी."

"पुण्य तुमचं आणि सही माझी. फ्लेक्सवर फोटो मात्र एकट्याचा."

"सुशीला, चुकलं माझं."

"ते चुकलंच." त्यांनी गवारीची शेंग उगाचच बारीक बारीक केली. "मी त्या दिवशी भाजीला चौकातून जाणार होते. पोपटराव आले म्हणून राहिलं. समजा गेले असते. रिक्षातून वर बघितलं असतं, तर तुम्ही समयांच्या मध्ये. मला वाटलं असतं, हे गेले आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. ह्याचा राग आहे मला. तुमच्या किडन्या तुम्ही कोणालाही द्या. नाहीतरी पाणी कमीच पिता, कोण घेणार आहे."

रंगराव हसले नाहीत. हसायची परवानगी आहे की नाही याचा त्यांना अंदाज येईना.

"मग तू काय म्हणशील? त्यांनी विचारलं तर?"

"तुम्हाला खरंच द्यायचंय? की मंडळात सगळे हात वर करत होते म्हणून केला?"

असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "हात सगळ्यांबरोबर केला," ते म्हणाले. "पण आज तिचं ऐकल्यावर, खरंच द्यायचंय."

"बरं. ऐकलं." सुशीलाबाईंनी ताटली बाजूला सारली. "आता माझं विचारा."

रंगरावांचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांच्या संसारात आणि या सगळ्या पंधरवड्यात तो प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांनी विचारला.

"डोळे द्या. बाकीचं मी ठरवून सांगेन, मला घाई करायची नाही. आणि एक. हे मंडळात सांगायचं नाही."

त्या संध्याकाळी जेवायला हाक आली. तोंडानं.

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी मंडळाच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर, ते पोस्टर जसंच्या तसं चिकटवलं. किरण नाही, कृपया नाही, अध्यक्ष-चिटणीस नाही. आप्पासाहेब आले आणि उभे राहिले.

"हे कोणाच्या संमतीनं?"

"कोणाच्याच नाही," रंगराव म्हणाले. त्यांना ताप आला नाही.

"सभेचा ठराव काय होता?"

"ठराव सूर्याचा होता. सूर्य मी लावणार नाही. तुम्हाला काढायचं असेल तर काढा, पण आधी एकदा तिथे खुर्चीत बसून बघा आणि मग काढा."

आप्पासाहेब संतापले. उद्धटपणा, शिस्त, मंडळाची परंपरा, असं बरंच बोलले. मग रागारागानं बसले ते नेमके त्याच खुर्चीत आणि वर्तमानपत्र समोर धरलं. पान बराच वेळ उलटलं नाही. थोड्या वेळानं ते उठून बाहेर गेले. पोस्टर काढायला माणूस आणायला गेले असं रंगरावांना वाटलं. ते खिडकीशी गेले, तर आप्पासाहेब कडुनिंबाखाली उभे राहून फोनवर मुलाशी बोलत होते. "नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. तुला एक सांगायचं होतं. कामात असशील तर नंतर करतो. नाही, नंतर नको. आत्ताच ऐक."

परत आले ते तसेच घुश्शात. पोस्टरकडे न बघता म्हणाले, "ती एक चप्पल उलटी आहे. तिला म्हणावं, सरळ करता येते." आणि निघून गेले. पोस्टर राहिलं.

मग काय, रंगरावांना धीर कुठला. उन्हातच मैनाचं दुकान गाठलं. मैना कुठल्याशा भाऊंची मान गोरी करत होती. चेहरा झाला होता, मान सावळी राहिली होती.

"मैना, लागलं पोस्टर. आणि लोक घरी बोलायला लागलेत. अगदी आप्पासाहेबसुद्धा."

"बरं झालं." माऊस चालूच.

"चप्पल सरळ करता येईल का, असं विचारत होते."

"न्हाई. तशीच पडली होती ती."

रंगराव स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी चमक आली होती, जिला ते दृष्टी म्हणत.

"आता याच्या पुढचं ऐक. फोटोच, पण राखाडी नाही, चांगले रंगीत. पासपोर्ट नाही, हसरे. नवरा-बायको जोडीनं. वर मोठ्या अक्षरात 'आम्ही घरी बोललो'. समई नाही, काही नाही. चौकात, त्याच जागी. पहिली जोडी मी आणि सुशीला. कसं वाटतं?"

भाऊंची मान अर्धी गोरी होऊन थांबली.

"काकूंना विचारलंत?" मैना म्हणाली.